तुरटी फिरवलेलं पाणी

पाणी स्वच्छ आहे की नाही हे डोळ्यांना कळतं असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी वाद घालणं मी सोडून दिलं आहे. कांजूरमार्गच्या एका प्रयोगशाळेत माझं अर्धं आयुष्य लोकांच्या बाटल्या उघडण्यात गेलं. सोसायट्यांमधून येतात, हॉटेलांमधून येतात, शाळांमधून येतात. बाटली आणणारा माणूस हमखास ती खिडकीपाशी धरतो आणि म्हणतो, "मॅडम, बघा ना, एकदम क्लिअर आहे." मी बघत नाही. बघून भागत असतं तर यंत्र कशाला घेतलं असतं?

गढूळपणा मोजणं म्हणजे पाण्यातली माती मोजणं, असा एक समज आहे. ते तसं नाही. बोटाएवढ्या काचेच्या कुपीत पाणी भरायचं. यंत्र तिच्यातून प्रकाश सोडतं आणि त्यातला किती प्रकाश बाजूला फुटला ते बघतं. निव्वळ पाण्यातून प्रकाश सरळ निघून जातो. कण असले की त्यांच्यावर आपटून इकडेतिकडे पांगतो. जास्त पांगला की आकडा मोठा. कुपीवर बोटाचा ठसा राहिला तरी आकडा चढतो, आत बुडबुडा अडकला तरी चढतो. आणि पाणी नुसतं ठेवून दिलं की आकडा उतरत जातो, कारण कण तळाला बसतात. म्हणून बाटली आधी हलक्या हाताने उलटीपालटी करायची आणि मग कुपी भरायची. पिण्याच्या पाण्याचा आकडा एकापर्यंत असावा. दुसरीकडून पाणी मिळणारच नसेल तर पाचपर्यंत चालवून घेतात.

थोडी माती पोटात गेली तर काय बिघडतं, असं विचारणारेही भेटतात. मातीने काही बिघडत नाही. मातीच्या आडोशाला जंतू बसतात, आणि पाण्यात टाकलेला क्लोरीन त्या मातीवरच खर्ची पडतो, जंतूंपर्यंत पोचतच नाही. हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की माझा नवरा जेवताना माझी नक्कल करायचा. आमटीची वाटी उजेडात धरायची आणि गंभीर चेहरा करून म्हणायचं, "मॅडम, हिचा आकडा किती?"

मग त्यांची मूत्रपिंडं गेली आणि घरातली चेष्टामस्करी थांबली. नणंदेने आपलं एक दिलं. ऑपरेशन झालं, माणूस घरी आला. पण शरीराने ते परकं मूत्रपिंड झिडकारू नये म्हणून ज्या गोळ्या घ्याव्या लागतात, त्या गोळ्या माणसाची प्रतिकारशक्ती मारून टाकतात. डॉक्टर म्हणाले, साध्या माणसाला ज्याने दोन दिवस पोट बिघडेल, त्याने यांचा जीव जाऊ शकतो. पाणी उकळून द्या, भाज्या त्याच पाण्याने धुवा, दात घासायलाही तेच. त्या दिवसापासून मी घरातसुद्धा प्रयोगशाळेतच राहत होते.

आम्ही मुलुंडला चार मजली जुन्या सोसायटीत राहतो. समोरच्या दारात माझी मैत्रीण राहते. अजूनही राहते, म्हणून मी 'राहते' लिहिलं. मैत्रीण हा शब्द कसा लिहावा ते अजून ठरत नाही.

ती मालवणकडची. सासरे गिरणीत होते, ती गिरणी बंद पडल्यावर हे कुटुंब उपनगरात आलं. आम्ही मराठवाड्यातले, बौद्ध. माझी आई पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आली तेव्हा मी तिला समोरच्या घरी घेऊन गेले. आईला तहान लागली. ती उठेना, मागेना. तिच्या लहानपणी गावात त्यांना पाणी वरून ओंजळीत ओतत. मैत्रिणीला हे कोणी सांगितलं नव्हतं, पण तिला काहीतरी कळलं असावं. ती पोळपाटापुढून उठलीसुद्धा नाही. नुसती म्हणाली, "आई, माझे हात पिठाचे आहेत. हंड्यातलं घ्या ना तुमच्या हातानं, आणि मला पण द्या एक पेला." आईने पाणी काढलं, तिला दिलं, स्वतः प्यायली. घरी आल्यावर आई म्हणाली, "पोरगी चांगली आहे तुझी ती. पाणी मात्र तुरट लागलं."

ते तुरटीमुळे. आमच्या इमारतीत कोणी नळाला फडकं बांधतं, कोणी फिल्टर लावतं. मैत्रिणीकडे मात्र तिच्या सासूबाईंपासूनची रीत होती. संध्याकाळी हंडा भरायचा, तुरटीचा खडा हातात धरून पाण्यात गोल फिरवायचा आणि सकाळपर्यंत झाकून ठेवायचं. सगळा गाळ एकमेकांना चिकटून तळाला बसतो. वरचं पाणी काढून घ्यायचं, खालचं कुंडीत. महापालिकेच्या शुद्धीकरण केंद्रातही मोठ्या प्रमाणावर हेच करतात. पण तिचा हात सढळ होता आणि खडा जरा जास्तच फिरायचा. ती चव माझ्या जिभेवर वर्षानुवर्षं बसली होती. इमारतीत अशी चव दुसऱ्या कुठल्याच घरच्या पाण्याला नव्हती.

तिची एकुलती एक मुलगी आमच्याच घरात मोठी झाली म्हटलं तरी चालेल. आम्हाला मूल नाही. ती पोर शाळेतून थेट आमच्याकडे यायची, काकाला, म्हणजे यांना, गणितं विचारायची आणि काका तिला गणितं सोडून बाकी सगळं शिकवायचे.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर सकाळचं पाणी गढूळ यायला लागलं. दिवसभर ठीक असायचं. पहाटे पाणी सुटलं, खालच्या टाकीचा पंप चालू झाला की नळाला पिवळट धार यायची आणि थोड्या वेळाने निवळायची. मी रस्त्यावरच्या जोडणीपाशी, टाकीच्या अलीकडे पाणी घेतलं. ते ठणठणीत होतं. टाकीच्या पलीकडे घेतलं तर आकडा पाचाच्या कितीतरी वर. म्हणजे घाण रस्त्यातून येत नव्हती, आमच्याच जमिनीखालच्या टाकीत शिरत होती. टाकीला लागून गटार जातं. टाकी रिकामी होत आली की गटारातलं पाणी तड्यांतून आत झिरपत होतं. यात तर्क वगैरे लढवण्यासारखं काही नव्हतं.

टाकी उपसायची, कोरडी करायची, फोडून नव्याने गिलावा करायचा म्हणजे काही आठवडे नळ बंद, सगळ्यांनी टँकरच्या पाण्यावर राहायचं. कमिटीने तोंडं वाकडी केली. सेक्रेटरी म्हणाले, "तुमचे आकडे आहेत, ठीक आहे, पण तुमच्या घरात पेशंट आहे. तुम्हाला जास्तच वाटणार." मला राग आला, पण नियमाला धरून ते बरोबर होतं. ज्याचा संबंध आहे त्याने नमुना घेऊ नये, हे मीच इतरांना सांगते. शेवटी असं ठरलं, की रविवारच्या सभेला दुसऱ्या प्रयोगशाळेची बाई यंत्र घेऊन येईल आणि सगळ्यांसमोर मोजेल. सकाळचा नमुना कमिटीतल्या कोणीतरी भरून ठेवायचा. मैत्रीण कमिटीत होती. ती म्हणाली, "मी भरते."

मला हायसं वाटलं. तिला मीच शिकवलं होतं. गंमत म्हणून शिकवलं होतं, तिच्याच ओट्यापाशी उभं राहून. नळ थोडा वाहू द्यायचा, बाटली त्याच पाण्याने विसळायची, काठोकाठ भरायची, झाकण लावायचं. निवळलेलं पाणी कधी मोजायचं नाही, ते आपल्याला फसवतं. ती हसून म्हणाली होती, "अगो, म्हणजे माझ्या हंड्यातलं पाणी तुझ्या मशीनीत घातलं तर मी पहिला नंबर!" मीही हसले होते.

सभा खाली पार्किंगमध्ये भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहा, वर लटकणारी ट्यूबलाइट. मैत्रिणीच्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलेलं होतं, त्यामुळे अर्ध्या बायका तिच्याशी साड्यांचंच बोलत होत्या. बाहेरून आलेल्या बाईने काम नीट केलं. बाटलीवरची चिकटपट्टी सगळ्यांसमोर काढली, बाटली उलटीपालटी केली, कुपी पुसली, मोजलं, पुन्हा मोजलं. आकडा एकाच्याही खाली आला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. मी उठून टेबलापाशी गेले आणि बाटली हातात घेतली. जोरात हलवली. खालून काहीसुद्धा वर आलं नाही, एक कण नाही. आमच्या सकाळच्या पाण्यात असं कधीच होत नाही. मग मी झाकणात थोडं पाणी ओतलं आणि जिभेवर घेतलं.

तो क्षण मला अजून तसाच्या तसा आठवतो, आणि आठवला की अजूनही अंगाचा तिळपापड होतो. चव ओळखायला वेळ लागलाच नाही. मी तिच्याकडे बघितलं. ती चहाच्या कपात बघत होती.

मी म्हटलं, "हे नळाचं पाणी नाही. हे तुरटी फिरवून ठेवलेलं पाणी आहे, वरचं वर काढून घेतलेलं. उद्या सकाळी नळ सुरू झाल्यावर सगळ्यांसमोर पुन्हा भरा."

सेक्रेटरींनी मैत्रिणीकडे बघितलं. ती उभी राहिली. मला वाटलं, आता सांगून टाकेल. तिचं तोंड लाल झालं होतं.

ती म्हणाली, "मी नळाचंच भरलंय. तिचं मनावर घेऊ नका. भावोजींच्या ऑपरेशनपासून तिला सगळ्या पाण्यात घाणच दिसते. डोक्याच्या डॉक्टरची गोळी चालू आहे ना तिची. मीच घेऊन जाते तिला."

हे खरं होतं. ऑपरेशननंतर मला झोप येईना, हात सारखे धुवावेसे वाटायचे. मी घाटकोपरला एका डॉक्टरांकडे जात होते. दूर गेले, कारण मुलुंडमध्ये कोणी बघायला नको होतं. हे फक्त तिला माहीत होतं. बाहेरच्या बाकावर ती माझी पर्स मांडीवर घेऊन बसायची. तीच गोष्ट तिने पन्नास माणसांत उघडी केली, बाटलीचं झाकण उघडावं इतक्या सहज. बायका माझ्याकडे कीव करून बघायला लागल्या. पहिल्या मजल्यावरच्या काकू उठल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "जा बाळा, घरी जाऊन जरा पड." त्यानंतर मी काय बोलणार होते? मी जे जे बोलले असते ते सगळं त्या गोळीच्या खात्यावर गेलं असतं. टाकीचं काम पुढे ढकललं गेलं.

मी जिना चढून वर आले आणि यांना सगळं सांगितलं. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, उकळलेलं. "जाऊ दे," म्हणाले. "मी उकळूनच पितो ना? जाऊ दे." मला त्यांचं ते 'जाऊ दे' मोठेपणाचं वाटलं. आजारी माणूस, आणि आपल्यालाच समजावतोय.

तिने आम्हाला का फसवलं हे कळायला कसलीच हुशारी लागत नव्हती. लग्न तोंडावर, गावाकडून पाहुणे येणार, हळद, जेवणावळी, आणि नळ बंद! मला सांगितलं असतं तर मी काय राक्षस होते? पण माझ्या नवऱ्याचा जीव एका पारड्यात आणि तिच्या पाहुण्यांच्या आंघोळी दुसऱ्या पारड्यात घालून तिने परस्पर निवाडा केला होता, हे मी पचवू शकत नव्हते. मी समोरचं दार बंद केलं. मुलगी पत्रिका द्यायला आली, मी ती घेतली आणि तिला बस म्हटलं नाही. पोर रडवेली होऊन गेली. तिच्या काकांनी तिला समोरच्या दारापर्यंत सोडलं आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.

लग्नाआधी यांना ताप आला. जुलाब, अंगात कणकण, मग दवाखाना, सलाईन. डॉक्टरांनी संसर्ग म्हटलं. कशाने झाला ते खात्रीने सांगता येत नाही म्हणाले. मला खात्री होती. मी त्यांच्या उशाशी बसून मैत्रिणीला तोंडाला येईल ते बोलले. तिच्या हंड्याला बोलले, तिच्या सासूच्या रितीला बोलले, माझ्या आईला तिने पाजलेल्या पाण्यालासुद्धा बोलले. हे डोळे मिटून ऐकत होते. ती दवाखान्यात येऊन गेली, पण मी तिला खोलीत शिरू दिलं नाही.

ताप उतरला. मूत्रपिंड वाचलं. लग्नाच्या दिवशी हे मास्क लावून, इस्त्रीचा झब्बा घालून गेले. मी गेले नाही. "जायचं तर जा, मला विचारू नका," म्हटलं. दाराआडून मला खालच्या मांडवातली सनई ऐकू येत होती. त्या पोरीच्या अंगावर घालायचं म्हणून मी कधीपासून ठेवलेलं सोन्याचं गाठलं कपाटातच राहिलं.

लग्नानंतर टाकी उघडली. आत पिंपळाची मुळं भिंत फोडून शिरली होती, आणि त्या फटीतून गटाराचं काळं पाणी येताना सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं. सेक्रेटरी वर येऊन म्हणाले, "तुम्ही बरोबर होतात." पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी शिऱ्याची वाटी पाठवली. मला वाटलं होतं, हे ऐकलं की बरं वाटेल. काही वाटलं नाही.

त्याच दुपारी ती आली. आत येऊ का म्हणून विचारलं नाही, दारातच उभी राहिली. ती रडत नव्हती. रडली असती तर मी दार लावून घेतलं असतं.

"गोळीचं बोलायला नको होतं," ती म्हणाली. "तू सगळ्यांपुढे पाणी तोंडाला लावलंस आणि मी घाबरले. तोंडातून निघून गेलं. माझां चुकलां गो. त्याच्यासाठी तू मला काय पण बोल."

"आणि पाणी?" मी म्हटलं. "ते पण तोंडातून निघून गेलं? माझ्या माणसाचा जीव होता तो. एकदा विचारायचं होतंस."

तिने आत बघितलं, माझ्या खांद्यावरून, स्वयंपाकघराच्या दिशेने.

"विचारलं होतं," ती म्हणाली. "तुका नाय. भावोजींना."

मला काही समजलं नाही. ती हळू आवाजात बोलत होती. सभेच्या आदल्या दिवशी ती यांच्याकडे आली होती, मी कामावर असताना. लग्न पुढे ढकलूया का म्हणून विचारायला आली होती. तेच म्हणाले, ढकलू नको. तेच म्हणाले, हंड्यातलं भर, मी उकळून पितो, मला काही होत नाही. आणि हिला सांगू नको.

मी आत गेले. हे ओट्यापाशी उभे राहून भेंडी पुसत होते. माझा चेहरा बघून त्यांनी फडकं खाली ठेवलं. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "सांगितलं का वहिनीने?"

"मला का नाही सांगितलंत?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"नाहीच म्हणाले असते!"

"म्हणूनच," ते म्हणाले. "मला ती पोरगी नवरीच्या साडीत बघायची होती. पुढच्या वर्षी मी असेन का ते कोणी सांगत नाही. डॉक्टर सांगत नाही, तूही सांगत नाहीस. मग मी काय करायचं?"

मी म्हटलं, "दवाखान्यात मी तिला शिव्या घालत होते. तुमच्या उशाशी बसून. तुम्ही ऐकत होतात."

"हो."

"एक शब्द बोलला नाहीत."

ते भेंडीकडे बघत राहिले. "मला वाटलं, तुझं तिच्याशी भांडण कधीतरी मिटेल," ते म्हणाले. "माझ्याशी झालं असतं तर त्या खोलीत मी एकटा पडलो असतो."

त्या दिवशी मी जेवले नाही आणि बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बोलावंच लागलं, कारण त्यांच्या गोळ्यांच्या वेळा मीच सांभाळते. समोरच्या दाराशी मात्र मी अजून बोलत नाही. फसवलं दोघांनी मिळून, हे मला कळतं. राग एकीवरच काढते, तेही कळतं. तिच्यावाचून माझे दिवस निघतात.